बिनरंगाचं पाणी

खासबागेत आमच्या गल्लीत कुणाच्या घरात काय चाललंय ते गटार बघून कळायचं. थट्टा नाही करत. सकाळी राणी रंग वाहत आला की बायका दारातनं ओरडायच्या, "लग्नाची ऑर्डर आली गं तुमची!" मोरपंखी आला की हुबळीकडचा व्यापारी येऊन गेला असं समजायचं. आणि दोन रंग एकमेकांत मिसळून चिखलासारखं काहीतरी वाहत आलं, की कुणाचा तरी रंग फसला म्हणून गल्ली संध्याकाळपर्यंत हसायची. आमचा फसला तर मी सरळ दार लावून घ्यायची. कोण ऐकून घेणार ते टोमणे!

त्या वेळी माझे मालक, म्हणजे आमचे हे, सुताच्या लडी रंगवायचे. शहापूर-वडगावचे मागवाले सूत आणून टाकायचे. मागं परड्यात पत्र्याची शेड, शेडमध्ये चुली आणि चुलींवर रंगाची मोठाली भांडी. रंग, मीठ, सोडा आणि उकळतं पाणी. हे लडी काठीवर घालून भांड्यात फिरवत राहायचे, मी त्या पिळून बांबूवर वाळत घालायची. माझ्या नखांत कुठला ना कुठला रंग कायम असायचा. माहेरी गेले की वहिनी माझा हात धरून विचारायची, "वन्सं, ह्या वक्ताला कुठली साडी चाललीया?" तिला वाटायचं ती लई विनोदी आहे.

नळाला पाणी येईल त्याच दिवशी रंगवायचं, असा गल्लीचा रिवाज होता. पाणी काही रोज येत नाही. आलं की सगळ्यांच्या चुली एकदम पेटायच्या आणि दुपारपर्यंत सगळ्यांची भांडी गटारीत रिकामी व्हायची. गटार गेली नाल्याला आणि नाला गेला शिवारात. पुढं काय होतं ते बघायला कोण जातंय!

मला मात्र ते न जाता कळायचं, कारण माझं माहेर त्याच नाल्याच्या काठाला, सांबऱ्याच्या वाटेवर. धाकटा भाऊ तिथं भाजीचा मळा करतो. कोथिंबीर, मेथी, लाल माठ, थोडा मुळा. नाल्यावर मोटर बसवलीय. मार्केटला भाजी टाकून परतताना तो आमच्याकडं यायचा, माझ्यासाठी दोन पेंढ्या घेऊन, आणि चप्पल काढायच्या आधीच दाजींना छेडायचा.

"काय दाजी, परवा डाळिंबी लावलतासा न्हवं? दुपारपातूर मोटर बंद ठिवली की मी!"

"तुला कसं कळलं रं?"

"आख्खा नाला कुंकवागत लाल आलता. आंधळ्यालाबी कळंल."

नाल्याकाठचे सगळे शेतकरी असंच करायचे. गावची घाण पिकाला चालते, उलट खतच होतं म्हणायचे. पण रंग आला की मोटर बंद. रंग वाहून गेला की परत सुरू. हे वर भांडी ओतायचे, भाऊ खाली बटण दाबायचा, आणि दोघं माझ्याच कट्ट्यावर बसून चहा प्यायचे. भांडण कधी झालं नाही.

मग कार्पोरेशननं आमची गटार नवीन बांधायला काढली. सगळा उन्हाळा गल्ली उकरून ठेवली होती, घरात जायचं तर फळीवरनं कसरत करत. सासूबाईंना तर मी लहान पोरासारखी हात धरून न्यायची. शेवटी झाली. काँक्रीटची, खोल, वर फरश्या. जुनी गटार मातीची, अर्धं पाणी तिथंच मुरायचं. ही म्हणजे ओतलं की सरळ नाल्यात.

गटार झाल्यावर देवळाच्या हॉलमध्ये मीटिंग बोलावली. आधी एक इंजिनिअर बोलले, तरणाताठा माणूस, मराठी चांगलं. ही गटार फक्त पावसाच्या पाण्याची आहे, म्हणाले. हे पाणी कुठंही साफ होत नाही, जसं आहे तसं नाल्याला जातं. म्हणून ह्यात मोरीचं पाणी नको, गाडीचं तेल नको, रंग नको, मीठ-सोडा नको. घरातलं पाणी ड्रेनेजला जोडायचं. रंगवणाऱ्यांनी टाकी बांधायची, पाणी आधी साफ करायचं, मग ड्रेनेजला सोडायचं. मला पटलं. पण मागं बायका बोलत होत्या, पुरुष फोन बघत होते, आणि पोरं चिवड्याच्या पुड्या कधी वाटतात त्याची वाट बघत होती.

मग हेल्थ इन्स्पेक्टर उभे राहिले. कानडी माणूस, आवाज असा की माईक नसता तरी चाललं असतं.

"बण्णद नीर बरबारदु!" म्हणाले, आणि मग त्यांच्या मराठीत, "रंगाचं पाणी गटारीला दिसलं की शेड सील. नळ कट. मग माझ्याकडं रडत येऊ नका."

झालं! इंजिनिअरचं सगळं भाषण लोक विसरले आणि हे एवढं पाठ झालं. रंग दिसता कामा नये.

त्या रात्री ह्यांनी ताटातलं निम्मं ठेवलं. टाकी बांधायची कुठं? आमचं परडं म्हणजे चार लडी वाळत घातल्या की उन्हालाही जागा नाही. ड्रेनेजची लाईन घराच्या पुढनं, वरच्या अंगाला, आणि शेड मागं, खालच्या अंगाला. पाणी काय उलटं चढणार होतं? शेड बंद झाली तर दुसरं काही येत नाही ह्यांना. सासऱ्यांनी हातात काठी दिली ती आजपर्यंत सोडलेली नाही.

"दुसऱ्याच्या मागावर बसा," मी म्हटलं.

"ह्या वयात?" एवढंच म्हणाले आणि हात धुवायला उठले. मला लगेच वाटलं, उगाच बोलले. पण माझ्या तोंडाचं हे असंच आहे, आधी येतं आणि मग विचार करतं.

काही दिवसांनी कार्पोरेशनची माणसं नेहमीसारखी गटारीच्या कडेनं ब्लिचिंग पावडर मारत आली. वारा सुटला होता. पावडर उडून थेट माझ्या ओल्या लडींवर. राणी रंगाच्या लडी, व्यापाऱ्याच्या, आणि त्यावर बघता बघता पांढरे ठिपके उठले. मी त्या माणसांना जे काही झाडलं! "नासवलासा की समदं! तुमच्या घरची हाय व्हय लड? डोळं कुठं ठिवून आलतासा?" गल्ली गोळा झाली. मी वळून बघते तर हे लडीवरच्या त्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवून उभे. रागावलेसुद्धा नाहीत. मला तर वाटलं, ह्यांचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्लिचिंग पावडरचं पोतं आणलं. रंगवून झाल्यावर उरलेल्या पाण्यात पावडर घालून काठीनं ढवळत बसले. थोड्या वेळानं हाक आली.

"अगं, ये की हिकडं! रंग गेला बघ!"

खरंच गेला होता. भडक डाळिंबी पाण्याचं तांदळाच्या धुवणासारखं काहीतरी झालं होतं. हे लहान पोरासारखे हसत होते, आणि मीही हसले. का नाही हसणार? शेड वाचली होती. मी त्या दिवशी शिरा केला.

इन्स्पेक्टर आले, आमच्या दारासमोरची फरशी उचलायला लावली, आत वाकून बघितलं. स्वच्छ पाणी. ह्यांनी पावडरचं सांगितलं. "व्हेरी गुड," म्हणाले, "असं पाहिजे." महिन्याभरात सगळ्या गल्लीनं पावडरची पोती आणली. पाण्याच्या दिवशी गल्लीतनं नुसतं पांढरं पाणी. कार्पोरेशन स्वतः गटारीवर मारतंय, विहिरीत टाकतंय, मग त्यात वाईट काय असणार? लोक ह्यांना इंजिनिअर म्हणायला लागले. "काय इंजिनिअर, जेवलासा का?" हे वरवर चिडायचे, पण मिशीत हसायचे. मीही मिरवून घेतलं थोडं, खोटं कशाला सांगू!

फक्त वास! शेडमध्ये डोळे चुरचुरायचे, घशात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं, सासूबाई खोकून खोकून बेजार. "रंग बरा होता की हो ह्याच्यापरीस," मी म्हणायची. "सील लागलं मजी कळंल तुला," हे म्हणायचे. तिथं विषय संपायचा.

भाऊ आला तो नाचतच. "आक्का, नाला लई नितळ झालाय गं! कार्पोरेशननं काम केलं म्हणायचं. आता मोटर बंद करायची भानगडच न्हाय." आणि त्यानं सांगितलं, शेजारच्याची पट्टीही वाट्यानं घेतलीय, लग्नसराईला धरून सगळी कोथिंबीर टाकलीय. बायकोच्या अंगावरचं थोडं सोनं गहाण ठेवलंय त्याच्यासाठी. "हे पीक गावलं की सोडवून आणतो, नवीनबी करतो," म्हणाला. हे कौतुकानं ऐकत होते. पाण्याची चिंता गेली म्हणून दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारली. मी दोघांना चहा दिला. त्या कट्ट्यावर आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. रंग गेला म्हणजे सगळं गेलं, असंच सगळे धरून चालले होते.

पुढच्या खेपेला तो रिकाम्या हातानं आला. चप्पल काढली, बसला, दाजींना छेडलं नाही.

"कोथमीर जळायल्या, आक्का. कडंनं पिवळी पडत्या आणि मान टाकत्या. बी खोटं दिलं त्या दुकानदारानं. भांडून आलो त्याच्यासंगं."

"पाणी कमी पडतंय काय रं?"

"कमी? दुप्पट देतोय की! जितकं द्यावं तितकी जळत्या."

तो गेल्यावर मी ह्यांच्या मागं लागले, जाऊन बघून येऊ या. माझा एकुलता एक भाऊ, वर्षाचं पीक हातचं जातंय, आणि आपण इथं बसून काय करतोय? निघालो तो पाण्याचा दिवस होता. सकाळी रंगवलं, भांड्यांत पावडर मारून ओतली, आणि दुपारी गाडीवर निघालो.

मळा बघून मला रडूच आलं. वाफेच्या वाफे आडवे. जिथं कोथिंबिरीच्या वासानं बांधावरच भूक लागायची, तिथं जमिनीवर पांढरी पापडी धरलेली. वहिनी बांधावर बसली होती, गळा मोकळा. ह्यांनी खाली बसून त्या पापडीचा एक तुकडा उचलला, बोटांत चुरला, जिभेला लावला. जन्मभर मीठ आणि सोडा हाताळलेला माणूस. ते एकदम उठून नाल्याकडं चालायला लागले.

नाल्याजवळ गेल्यावर मलाही आला तो वास. आमच्या शेडचा. मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

भावाला काय, तो आपला मागनं बोलतच येत होता. "पाण्यावर शंका घिऊ नगासा, दाजी. बघा की कसं हाय! पोरं अंघोळ करत्यात ह्यात आता." आणि उतरून, खाली बसून, त्यानं ओंजळ भरली आणि तोंडाकडं नेली.

ह्यांनी त्याच्या हातावर फटका मारला. असा मारला की पाणी माझ्या साडीवर उडालं. लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्यांनी कुणावर हात उगारलेला मी बघितला नव्हता.

"तोंडाला लावू नगंस!"

भाऊ हात धरून बघत राहिला. "का? काय झालं, दाजी?"

मग ह्यांनी सांगितलं. उभ्या उभ्या, नाल्याकडं बघत, पावडर, मीठ, सोडा, सगळं. रंग तेवढा मेलाय, बाकीचं सगळं पाण्यात तसंच आहे आणि वर पावडरही आहे, म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी वाट बघत होते, आता भाऊ चिडेल, दोन शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

त्यानं ओले हात पँटीला पुसले.

"रंग तरी ऱ्हाऊ द्यायचा हुता, दाजी," म्हणाला. "रंग बघून मी मोटर बंद करत हुतो."

वहिनीनं चहा केला होता. तो कपातच गार झाला. परतताना गाडीवर मी ह्यांच्या पाठीला डोकं टेकवून रडले, आणि ह्यांनी एकदाही विचारलं नाही का रडतेस म्हणून.

घरी आल्या आल्या ते गल्लीत दारोदार गेले. पावडर बंद करा म्हणाले. काहींनी ऐकून घेतलं. काही म्हणाले, तूच शिकवलंस आणि तूच बंद कर म्हणतोस, सील लागलं तर तू खायला घालणार काय? एकजण तर माझ्यासमोर म्हणाला, मेव्हण्याची कोथमीर जळली म्हणून आम्ही चूल विझवायची व्हय? त्याला मी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

व्यापाऱ्याचं सूत घरात आलेलं होतं, आगाऊ घेतलेलं काम. ते तसं परत करता येत नव्हतं. पुढच्या पाण्याच्या दिवशी ह्यांनी ते रंगवलं. डाळिंबीच होता, भडक. रंगवून झालं आणि भांडी गार झाली तेव्हा पावडरचं पोतं कोपऱ्यात अर्धं भरलेलं उभं होतं. मी पोत्याकडं बघितलं. ह्यांनी आधी भावाला फोन लावला. "मोटर बंद कर. काठच्या समद्यास्नी सांग. रंग सोडतोय." मग एकेक भांडं ओतलं.

नवीन गटारीत रंग लई उठून दिसतो. गल्लीच्या तोंडाशी जिथं फरश्या संपतात तिथं तो लाल लोट बाहेर पडला आणि जाणारे-येणारे गाड्या थांबवून बघायला लागले. दुपार व्हायच्या आत इन्स्पेक्टर हजर.

"यारदु? कुणाचं हे?"

आमच्यात कितीही भांडणं असू देत, रंग कुणाचा ते बाहेरच्याला कुणी सांगत नाही. ज्यानं मेव्हण्याच्या कोथमिरीवरनं टोमणा मारला होता तोही आभाळाकडं बघत उभा होता.

"माझं हाय, सायेब," हे म्हणाले.

इन्स्पेक्टरांना खरं वाटेना. "तुमचं? अहो, तुमची पावडर मी सगळीकडं सांगतोय! वडगावला सांगितली, दुसऱ्या वॉर्डात सांगितली. तुम्हीच असं केलं तर कसं?" मग जवळ येऊन, हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, मी आत्ता आलोच नाही असं समजा. जावा, पावडर टाका. अर्ध्या तासानं येतो."

माणूस वाईट नव्हता. आमच्या भल्याचंच सांगत होता. ह्यांनी आत जावं, मूठभर टाकावी, आणि हे संपावं असं मला वाटत होतं. वाटलं ते वाटलं.

"पावडर टाकली तर तुमास्नी दिसायचं न्हाय, सायेब," हे म्हणाले, "पर खालच्या लोकास्नीबी दिसायचं न्हाय. तितं माझा मेव्हणा हाय."

इन्स्पेक्टर त्या लाल पाण्याकडं बघत राहिले. मग परड्यात आले, चुली विझल्यात का बघितलं, आणि शेडच्या दाराला कुलूप घालून त्यावर कापड गुंडाळलं. सीलची लाख वितळवायला त्यांच्याकडं काडीपेटी नव्हती. ती मी आतनं आणून दिली.